संबळाचे देणे

मराठी चित्रपटाने आणि मोठ्या मंचावरच्या मराठी गाण्याने गेल्या वीस-बावीस वर्षांत गोंधळाकडून भरभरून घेतले आहे. २००९ साली आलेल्या 'जोगवा'तले 'लल्लाटी भंडार' आठवून पाहा. यल्लम्मा म्हणजे रेणुकेचेच रूप. तिच्या नावाने घुमलेल्या त्या गाण्याने अजय-अतुल या जोडीचा ठसा मराठी कानावर कायमचा उमटला आणि त्याच चित्रपटाच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तेव्हापासून गणपतीचा मंडप असो, महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो की वाहिनीवरची गाण्याची स्पर्धा असो, जोरकस मराठी गाणे म्हटले की संबळाचा ठेका, पाठीमागून उसळणारा घोळक्याचा आवाज आणि शेवटाकडे धावत सुटणारी लय हे जणू ठरूनच गेले आहे. ड्रम, बेस गिटार आणि संबळ एकाच मंचावर मांडणारे फ्यूजनचे संचही आता नवलाचे राहिलेले नाहीत. हे घेणे गैर आहे असे मला मुळीच वाटत नाही. मराठी गाण्याच्या अंगात त्यामुळे बळ आले आहे. पण ज्यांच्याकडून घेतले त्यांना आपण माणसे म्हणून ओळखत नाही. आपण लोककलेचे आभार मानतो आणि लोककलावंताचे नाव विचारायचे विसरतो. रॉक संगीताने ब्लूज या काळ्या अमेरिकनांच्या संगीतातल्या वयोवृद्ध वादक-गायकांशी जो व्यवहार केला, त्यातला उजळ भाग आणि काळा भाग दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तर आपल्या हातून नेमके काय राहून गेले ते कळते.

गोंधळाचे मूळ शोधत निघाले की वाट माहूरला येते. साडेतीन पीठांपैकी हे एक पूर्ण पीठ, नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला, पैनगंगेच्या परिसरात. नदी ओलांडली की विदर्भ, आणि तेलंगणही फार लांब नाही. रेणुकामातेचा शेंदरी तांदळा, दत्तशिखर, अनसूयेचे शिखर, जुना किल्ला हे सारे एकाच डोंगररांगेवर आहे. परंपरेची कथा अशी की परशुरामाने बेटासुर नावाच्या दैत्याला मारले, त्याच्या शिराला तंतू ओवून वाद्य केले आणि ते वाजवत मातेला वंदन केले. तोच पहिला गोंधळ. कथेला इतिहास मानण्याचे कारण नाही, पण गोंधळी समाज आपली ओळख या कथेतून सांगतो हे महत्त्वाचे आहे. त्यांच्या दोन मुख्य शाखांपैकी रेणुराई माहूरच्या रेणुकेचे आणि कदमराई तुळजापूरच्या भवानीचे. लिखित पुरावाही जुना आहे. बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त आणि तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या 'संगीतरत्नाकरा'त गोंडली किंवा गौंडली या नावाचे नृत्य येते, आणि त्याचे नाते गोंधळाशी जोडणारे अभ्यासक आहेत. पैठणच्या एकनाथांनी गोंधळाच्या रूपकावर भारुडे रचली. रा. चिं. ढेरे आणि प्रभाकर मांडे यांनी या उपासकांचा अभ्यास करण्यात आयुष्याची कितीतरी वर्षे घातली. म्हणजे शास्त्रकाराने, संताने आणि संशोधकाने ज्या कलेची दखल घेतली ती ही कला. दखल मात्र दरवेळी कलेची घेतली गेली. शार्ङ्गदेवाचे नाव आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या काळात देवीपुढे कोण नाचत होते आणि कोण वाजवत होते, हे ठाऊक असण्याचा प्रश्नच आला नाही.

गोंधळात काय घडते ते जवळून पाहायला हवे, कारण घेतलेली वस्तू कोणती हे ठरल्याशिवाय देण्याचा हिशेब मांडता येत नाही. घरात लग्न झालेले असते किंवा मूल झालेले असते, आणि कुळाचार म्हणून गोंधळ सांगितलेला असतो. रात्री चौक भरतात. पाटावर नवे वस्त्र, त्यावर धान्याची रास, कलश, नारळ, विड्याची पाने, हळकुंड, सुपारी, खारीक, आणि वर उसाची किंवा ज्वारीच्या ताटांची बांधणी. शेजारी दिवटी तेवत असते. नाईकाच्या अंगात पायघोळ झगा आणि गळ्यात कवड्यांची माळ. एक साथीदार तुणतुण्याची तार छेडत असतो, एकाच्या हातात झांज, आणि एकाच्या कमरेला संबळ. संबळ म्हणजे एकमेकांना बांधलेल्या दोन नगाऱ्यांची जोडी. एकीचा आवाज उंच आणि कोरडा, दुसरीचा खोल आणि घुमणारा. ती दोन काठ्यांनी वाजवतात, त्यांतल्या एका काठीचे टोक वळलेले असते. सुरुवातीला गण होतो, मग देवांना आवतण: माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, आणि मग त्या गावचे, त्या घरचे देव. एकेक ठाण्याचे नाव येते तसा संबळ थोडा थोडा चढतो. ही यादी वाचायला घेतली तर सपाट वाटेल. संबळावर ती ऐकताना ऐकणाऱ्याचे स्वतःचे दैवत कधी येते याची ओढ लागते, आणि ते आले की बसलेल्यांतून 'उदो उदो' उठतो. नाईकाने ओळ टाकायची, साथीदारांनी झील धरून ती उचलायची. मध्येच एकाने वेडगळ प्रश्न विचारायचा, नाईकाने त्याला चिमटा काढत कथा पुढे न्यायची. आख्यान कधी तासात आटोपते, कधी पहाटेपर्यंत चालते. समोरची माणसे पेंगायला लागली की लय कुठे चढवायची आणि रडवायचे असेल तर संबळ कुठे जवळजवळ थांबवायचा, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. ते त्या वादकाच्या मनगटात आहे, आणि बापाच्या, चुलत्याच्या, गुरूच्या शेजारी बसून बसूनच ते तिथे आले आहे.

चित्रपटाने आणि बँडने गोंधळाकडून घेतले ते हेच. चाली फारशा घेतलेल्या नाहीत. बऱ्याच वेळा चाल संगीतकाराची स्वतःची आणि शब्द नव्या कवीचे असतात. घेतले आहे ते लय रोखून धरण्याचे आणि मग सोडून देण्याचे तंत्र, एकाने हाक द्यायची आणि अनेकांनी ती उचलायची ही रीत, नावांच्या यादीतून भर चढवत नेण्याची युक्ती, आणि संबळाच्या दोन आवाजांमधला तो संवाद. ही सगळी वाजवण्याची आणि गाण्याची पद्धत आहे, आणि पद्धत कोणत्याही करारात येत नाही. म्हणूनच तिचे ऋण फेडायची वेळ आली की कोणाला द्यायचे हे कोणालाच उमगत नाही.

ब्लूज आणि रॉक यांच्यातला व्यवहार असाच होता. ब्लूजचे बारा खंडांचे आवर्तन इतके साधे आहे की गिटार हाती घेतलेला मुलगा ते थोड्या दिवसांत शिकू शकतो. इंग्लंडमधली १९६०च्या दशकातली तरुण मुले तबकडी पुन्हा पुन्हा लावून जे शिकत बसली ते आवर्तन नव्हते. आवाज ठोक्याच्या किंचित मागे कसा ठेवायचा, गायकाने ओळ सोडली की गिटारने तिला उत्तर कसे द्यायचे, तार ओढून दोन सुरांच्या मधली जागा कशी गाठायची, ते ती शिकत होती. मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल मळ्यावर राबणाऱ्या मडी वॉटर्सचे गाणे १९४१ साली अॅलन लोमॅक्स आणि जॉन वर्क यांनी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी मुद्रित केले. दोन वर्षांनी मडी वॉटर्सने मळा सोडला, शिकागो गाठले आणि गिटारला वीज जोडली. त्याच्या १९५० सालच्या एका गाण्यावरून १९६२ मध्ये लंडनच्या काही पोरांनी आपल्या संचाचे नाव ठेवले, 'रोलिंग स्टोन्स'. त्याच वर्षी युरोपात अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हलचा दौरा सुरू झाला. मँचेस्टरच्या कार्यक्रमाला मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स, ब्रायन जोन्स आणि जिमी पेज हे तेव्हा कोणालाही माहीत नसलेले तरुण श्रोत्यांत बसले होते. १९६४ साली मँचेस्टरमधल्याच एका वापरात नसलेल्या रेल्वे स्थानकावर ग्रॅनडा टेलिव्हिजनने कार्यक्रम मुद्रित केला. एका फलाटावर श्रोते, समोरच्या फलाटावर कलावंत. पावसाने ओल्या झालेल्या त्या फलाटावर सिस्टर रोझेटा थार्प ही पन्नाशीकडे झुकलेली बाई अंगात कोट घालून उभी राहिली आणि तिने इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवली. ती चर्चची गायिका. तिची भक्तिगीते १९३०च्या दशकापासून तबकड्यांवर होती. एल्व्हिस प्रेस्ली, जॉनी कॅश, लिटल रिचर्ड यांनी रॉक अँड रोल उभे केले ते तिच्यासारख्यांना ऐकत वाढल्यावर.

या कहाणीचा उजळ भाग मला फार मोलाचा वाटतो. २० मे १९६५ रोजी 'शिंडिग' या अमेरिकी दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात रोलिंग स्टोन्सना बोलावले, तेव्हा ब्लूज गायक हाऊलिन वुल्फलाही बोलवा असा आग्रह त्यांनी धरला. वुल्फ तेव्हा चोपन्न वर्षांचा होता, आणि गोऱ्या अमेरिकेतल्या घराघरांत त्याचा चेहरा कोणी पाहिलेला नव्हता. तो गाऊ लागला आणि लाखो मुली ज्यांच्यासाठी वेड्या झाल्या होत्या ती पोरे त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली. पुढे १९७० साली एरिक क्लॅप्टन आणि इतरांनी वुल्फसोबत लंडनमध्ये ध्वनिमुद्रणे केली, बी. बी. किंग १९६९ मध्ये स्टोन्सच्या दौऱ्यावर गेला. या प्रत्येक वेळी शिष्याने गुरूचे नाव घेतले, गुरू जिवंत असताना घेतले, आणि आपल्याला मिळालेल्या श्रोत्यांपुढे त्याला उभे केले.

काळा भागही तेवढाच खरा आहे. आर्थर क्रुडप याने १९४६ साली गायलेले गाणे १९५४ मध्ये एल्व्हिसची पहिली तबकडी झाले. क्रुडप १९७४ मध्ये वारला तोवर त्याच्या रॉयल्टीचा मोठा भाग त्याच्या हाती पडला नव्हता. रेव्हरंड रॉबर्ट विल्किन्स यांचे गाणे स्टोन्सनी १९६८च्या अल्बममध्ये घेतले आणि पहिल्या आवृत्तीवर रचनाकार म्हणून स्वतःचीच नावे छापली. लेड झेपेलिनच्या १९६९ सालच्या गाजलेल्या गाण्यावर विली डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला. १९८७ मध्ये तडजोड झाली आणि आता त्या गाण्याच्या रचनाकारांत त्याचेही नाव लागते. सन्मान आणि पैसा या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, एक दिल्याने दुसरी देऊन होत नाही, हे या उदाहरणांतून स्पष्ट दिसते. आपल्याकडे मात्र दोन्हींची सुरुवातच झालेली नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न पहिल्यांदाच उभा राहतो आहे असेही नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीताने जॅझ वादकांशी हाच व्यवहार केला. पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, 'अलबेला'ला १९५१ मध्ये जे संगीत दिले, त्यात आल्दोन्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनियो शावियेर वाझ, याचा हात होता. तो ताजमहाल हॉटेलात बँड चालवत असे आणि त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. भगवानदादांच्या पायांना जी लचक आली ती त्या ट्रम्पेटच्या ठेक्यावर. १९५७च्या 'आशा'मधले 'ईना मीना डीका' हे हिंदी चित्रपटातल्या पहिल्यावहिल्या रॉक अँड रोल गाण्यांपैकी एक, त्यातही सी. रामचंद्रांसोबत जॉन गोम्स हा गोव्याचा वादक होता. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, ही नावे कित्येक दशके श्रोत्यांना ठाऊक नव्हती. माजोर्ड्याच्या गोन्साल्विसांचे नाव गाण्यात आले ते १९७७ साली, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे. ते नाव एका खऱ्या व्हायोलिनवादकाचे आहे हे गाणे गुणगुणणाऱ्या किती जणांना माहीत होते? नरेश फर्नांडिस यांचे 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे पुस्तक २०१२ मध्ये आले तेव्हा या मंडळींचे चेहरे बऱ्याच वाचकांना पहिल्यांदा दिसले, आणि तोवर त्यांतले अनेक जण हयात नव्हते. गोव्याचे वादक निदान नोटेशन वाचत, शहरात राहत, रोजचे काम मिळवत. माहूर-किनवटच्या गोंधळ्याकडे यातले काहीही नाही.

आमचे मराठी रॉकही गोंधळाकडे सुरुवातीला वळले नव्हते. नंदू भेंडे यांनी १९७४ साली अलीक पदमसी यांच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास उभा केला आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त रॉकचा गळा मराठी रंगभूमीवर आणला. ते धाडस मोठे होते, पण त्याचा स्रोत पश्चिमेकडचा होता. संबळ आणि ड्रम एकमेकांना भेटायला आणखी काही दशके जावी लागली. म्हणजे हे घेणे ताजे आहे, आणि ताजे आहे तोवरच त्याचा व्यवहार सुधारता येईल.

यावर पहिला आक्षेप भाविकांचा. गोंधळ हा कुळाचार आहे, देवीची सेवा आहे. त्याची तुलना दारूच्या गुत्त्यात वाढलेल्या ब्लूजशी करणे अनुचित, आणि सेवेचा मोबदला मागणे तर त्याहून अनुचित. भावनेचा मान राखूनही हे मला पटत नाही. गोंधळाचा पूर्वार्ध पूजेचा आहे, पण उत्तरार्धातले आख्यान उघडउघड रंजन करते, आणि त्यात गोंधळ्याला कधी कमीपणा वाटलेला नाही. रोझेटा थार्प चर्चमध्येही गायली आणि नाइट क्लबमध्येही. तिच्यावरही टीका झाली, पण भक्ती आणि ठेका एकाच गळ्यात नांदू शकतात हे तिने दाखवून दिले. शिवाय गोंधळ्याला बिदागी देण्याची रीत गोंधळाइतकीच जुनी आहे. यजमानाने चौकातले धान्य, वस्त्र, नारळ आणि दक्षिणा त्याच्या पदरात घातल्याखेरीज कुळाचार पुरा झाला असे कोणी मानत नाही. गोंधळ घरात झाला तर देणे लागते आणि त्याच गोंधळाची पद्धत ध्वनिमुद्रणगृहात गेली की देणे संपते, याला कोणत्याच धर्मशास्त्राचा आधार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोकसंगीत सगळ्यांचे असते, त्याला कर्ता नसतो, मग कोणाला काय द्यायचे? गीताच्या बाबतीत हे बरेचसे खरे आहे, आणि गाण्यांवर जातीची किंवा गावाची मालकी लावायला निघणे घातकच ठरेल; तसे झाले तर एकनाथांनाही गोंधळाचे रूपक वापरता आले नसते. पण गीत सगळ्यांचे असले तरी ते वाजवणारा हात एकाचाच असतो. ध्वनिमुद्रणासाठी जो संबळवादक आला, त्याने दिवसभर ठेके वाजवून दाखवले, त्यांतला एक संगीतकाराला भावला आणि त्यावर गाणे उभे राहिले, तर तो ठेका परंपरेने त्या खोलीत आणलेला नाही, त्या माणसाने आणला आहे. कायदाही हेच म्हणतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन सादर करणाऱ्या कलावंताचे हक्क आले, आणि २०१२च्या दुरुस्तीने ते अधिक भक्कम झाले. रचना पारंपरिक असली तरी तिच्या सादरीकरणावर कलावंताचा स्वतःचा हक्क राहतो, आणि कलावंत म्हणून आपली ओळख सांगितली जावी हाही त्याचा हक्क आहे. हा कायदा दिवसाच्या हजेरीवर येणाऱ्या वादकापर्यंत पोहोचत नाही. त्याच्यासमोर कागद येतो, तो सही करतो, पैसे घेतो आणि शेवटची गाडी पकडतो. आवडत्या गाण्याचा गायक, संगीतकार, गीतकार, नायक, नायिका अशी सगळी नावे रसिक धडाधड सांगतो. संबळ कोणी वाजवला हे विचारले की गप्प होतो. गोंधळ्यांपैकी ज्यांचे नाव महाराष्ट्राने घेतले असे परभणीचे राजाराम कदम यांच्यासारखे कलावंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि ते नाव झाले तेही त्यांनी स्वतः मंच मिळवून उभे राहून दाखवल्यामुळे.

तिसरे म्हणणे असे की चित्रपटाने उपकारच केले. नाहीतर आजच्या पोरांना संबळ माहीतही झाला नसता. यात तथ्य आहे आणि ते मान्य करायलाच हवे. बी. बी. किंग १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात गेला तेव्हा समोर गोरी, तरुण पोरे पाहून बिचकला. ती त्याच्यासाठी उठून उभी राहिली, कारण त्यांनी त्याच्या शिष्यांना आधी ऐकले होते. शिष्याच्या कीर्तीने गुरूला श्रोते मिळू शकतात. पण ते आपोआप होत नाही. तिथे कोणीतरी किंगला बोलावले, जाहिरातीत त्याचे नाव लावले. इथे 'लल्लाटी भंडार'वर बेभान नाचणारा तरुण माहूरला दर्शनाला येतो, गडाच्या पायऱ्यांवर म्हातारा गोंधळी संबळ घेऊन बसलेला असतो, आणि त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे त्या तरुणाला कोणी सांगितलेलेच नसते. तो दहाची नोट टाकून पुढे जातो. श्रोता तयार झाला आहे, पण त्याला गुरूपर्यंत नेणारी वाट कोणी बांधलेली नाही.

सर्वांत कठीण आक्षेप गोंधळी समाजातल्या शिकलेल्या तरुणांचा आहे, आणि त्यापुढे कलाप्रेमींनी नम्र व्हायला हवे. राज्याच्या यादीत गोंधळी भटक्या जमातींत मोडतात. पिढ्यान्‌पिढ्या दारोदार हिंडणे, जोगवा मागणे, पोरांची शाळा बुडणे हे या कलेच्या पाठीमागचे जगणे आहे. ते म्हणतात, तुम्हाला संबळ गोड लागतो, पण तो आमच्या गळ्यातले लोढणे आहे. आम्हाला नोकरी द्या, संबळाचे कौतुक तुमच्याकडेच ठेवा. हा राग रास्त आहे. मडी वॉटर्सनेही मळा सोडला तो गाण्यासाठी नव्हे, मळ्यातून सुटण्यासाठी. पण शिकागोत गेल्यावर त्याने गिटार टाकली नाही, कारण तिथे तिच्यावर पोट भरू लागले आणि वाजवणे ही त्याची निवड झाली. कलेवरचा जातीचा पट्टा उतरवायचा तर आधी तिची किंमत वाढवावी लागेल आणि ती शिकायची मुभा सर्वांना द्यावी लागेल. लोकशाहीर विठ्ठल उमप गोंधळी घरात जन्मले नव्हते. १९३१ साली मुंबईत जन्मलेला हा आंबेडकरी शाहीर. त्याने गोंधळाचा घाट आत्मसात केला आणि 'जांभूळ आख्यान' असे उभे केले की द्रौपदीच्या मनातला कर्ण थेट शहरी नाट्यगृहात येऊन बसला. २०१० साली नागपूरला दीक्षाभूमीवर मंचावरच त्यांनी देह ठेवला. गोंधळ्याच्या मुलाने गोंधळीच व्हावे असा आग्रह धरणारे आणि ही कला संपली तर संपू दे म्हणणारे, अशा दोघांनाही उमपांचे उदाहरण विचारात घ्यावे लागेल.

करायचे काय, हे फार अवघड नाही. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि त्यात कलांचे संकुल आहे. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. माहूर, किनवट, हदगाव या भागांतल्या वयस्क गोंधळ्यांचे पूर्ण रात्रीचे गोंधळ मुद्रित करावेत, निवडक तुकडे नव्हेत. प्रत्येक मुद्रणावर नाईक, संबळवादक, तुणतुणेवाला, झीलकरी अशी सगळ्यांची नावे असावीत, त्यांच्या लेखी संमतीने आणि मानधन देऊन. संबळ शिकवायला पदवीधर शोधण्याऐवजी गोंधळ्यालाच मानधनी गुरू म्हणून नेमावे आणि वर्ग कोणत्याही जातीच्या मुला-मुलींना खुला ठेवावा. मुलींचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण देवीच्या या कलेत बाईचा हात संबळावर क्वचितच पडला आहे. संगीतकारांनी आणि निर्मात्यांनी एवढे करावे की गाण्याच्या श्रेयात संबळवादकाचे नाव गायकाच्या नावाइतक्याच सहज यावे, आणि गाणे चालले तर त्याला पुढचाही वाटा मिळावा. ज्यांनी लोकसंगीताचे ऋण जाहीरपणे मानले आहे, त्या अजय-अतुल यांच्यासारख्या मोठ्या नावांनी हजारोंच्या मैफलीत अर्धा तास एखाद्या मराठवाड्यातल्या नाईकाला द्यावा, स्वतः बाजूला बसून ऐकावे. 'शिंडिग'मध्ये स्टोन्सनी केले ते याहून वेगळे नव्हते, आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही सरकारी योजनेची वाट पाहावी लागली नव्हती.

एक धोका मात्र अभ्यासकांकडूनच आहे, आणि तो मला बाकीच्या उपेक्षेइतकाच गंभीर वाटतो. मडी वॉटर्स १९५८ मध्ये इंग्लंडला गेला तेव्हा तिथले जाणकार त्याच्या इलेक्ट्रिक गिटारने नाराज झाले. त्यांना मळ्यावरचा, साध्या गिटारीचा, 'अस्सल' काळा माणूस हवा होता. शिकागोत पंधरा वर्षे राहिलेल्या कारागिराला त्याचे आजचे वाजवणे बाजूला ठेवून कालचे दाखव म्हणणे हा त्याचा सन्मान नव्हता. माहूरच्या भागातला एखादा तरुण गोंधळी संबळाला माइक लावतो, कीबोर्डवाला सोबत घेतो, लग्नाच्या वरातीत वाजवतो, आख्यानात मोबाइलवरचा विनोद घालतो. त्याला परंपरा बिघडवणारा म्हणायची घाई विद्यापीठातल्या आणि शहरातल्या रसिकांनी करू नये. संबळ शहरातल्या संगीतकाराने बदलला तर तो प्रयोग आणि गोंधळ्याने बदलला तर ती भेसळ, असा दुजाभाव आज सर्रास चालतो. परंपरेत बदल करण्याचा पहिला हक्क तिच्यात राबलेल्या हाताचा आहे, आणि तो तरुण गोंधळी उद्या संबळावर काय वाजवील ते ठरवायचे त्याने, आपल्या पद्धतीने आणि आपल्या नावाने.